‘पगाराचे तीस टक्के सरकारच नेतं’: प्राप्तिकर, स्लॅब आणि प्रत्यक्ष करदर यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावरचे सगळे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या काळातल्या उत्पन्नाचे आहेत. वेगळं म्हटलेलं नसेल तिथे नवी करप्रणाली (कमी दर, पण बहुतेक वजावटी नाहीत), साठ वर्षांखालची निवासी व्यक्ती आणि फक्त पगाराचं उत्पन्न धरलं आहे. या वर्षाचा हिशेब १९६१ च्या कायद्याप्रमाणेच होतो. २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला लागू आहे.

मी ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आहे. म्हणजे पगाराचे ३० टक्के करात जातात ना?

नाही. बहुतेक वाद इथूनच सुरू होतात. स्लॅबचा दर फक्त त्या टप्प्यात पडणाऱ्या रुपयांना लागतो. पहिले ४ लाख करमुक्त, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १०, १२ ते १६ वर १५, १६ ते २० वर २०, २० ते २४ वर २५ आणि २४ लाखांच्या वरच्या रकमेवर ३० टक्के. करपात्र उत्पन्न २५ लाख असेल तर ३० टक्के लागतात ते शेवटच्या एका लाखाला.

पगारदाराला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. ती वजा करून, ४ टक्के उपकर (करावरचा जादा कर) धरून एकूण पगारावर किती कर बसतो ते असं:

१५ लाख पगार: कर ९७,५००, म्हणजे ६.५ टक्के
२० लाख: १,९२,४००, म्हणजे ९.६२ टक्के
३० लाख: ४,७५,८००, म्हणजे १५.८६ टक्के
५० लाख: १०,९९,८००, म्हणजे २२ टक्के
१ कोटी (१० टक्के अधिभारासह; तो मोठ्या उत्पन्नाच्या करावर बसतो): २९,२५,७८०, म्हणजे २९.२६ टक्के

थोडक्यात, ‘पगाराचे तीस टक्के’ हे वाक्य खरं ठरायला वर्षाला कोटभर रुपये पगार लागतो. वीस लाखवाल्याच्या तोंडी ते तिपटीने फुगवलेलं आहे.

मग माझा प्रत्यक्ष दर नेमका कसा काढायचा?

फॉर्म १६ (कंपनीकडून मिळणारं पगार आणि कापलेल्या कराचं प्रमाणपत्र) चा भाग ब उघडा. सगळ्यात वर ‘एकूण पगार’ असतो. त्यात बँकेचं व्याज, लाभांश, भाडं हे सगळं मिळवा. ते एआयएसमध्ये (प्राप्तिकर विभागाच्या वार्षिक माहिती विवरणात) सापडतं, पण एआयएसमध्ये एकच नोंद दोनदा येण्याचे प्रकार घडतात, म्हणून पासबुकाशी ताडून घ्या. हा झाला छेद. अंशात रिटर्नमधला एकूण देय कर घ्यायचा, अधिभार आणि उपकरासह. भागाकार करून शंभराने गुणलं की दर हाती आला.

लोक चुकतात ते छेदात. कुणी वजावटी गेल्यानंतरचं करपात्र उत्पन्न घेतो, मग दर मोठा दिसतो. कुणी सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण वर्षखर्च) घेतो, मग तो लहान दिसतो, कारण सीटीसीमध्ये कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीची तरतूदही असते. ग्रॅच्युइटी साधारण मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के धरतात आणि ती वर्षाच्या पगारात हाती पडत नाही. दोघांच्या दरांची तुलना करायची असेल तर दोघांचा छेद एकच असला पाहिजे. नाहीतर पुढची सगळी चर्चा फुकट.

अंशात घालू नयेत अशा दोन गोष्टी आहेत. स्वतःचा पीएफ म्हणजे तुमचीच बचत, ती करात धरू नका. आणि टीडीएस, म्हणजे पैसे हाती येण्याआधीच कापलेला कर, हा कराचा हप्ता आहे, अंतिम कर नव्हे. परतावा येणार असेल तर टीडीएसच्या आकड्यावरून काढलेला दर जास्तच येणार.

व्यवसाय कर मात्र खरा कर आहे. महाराष्ट्रात महिन्याला १०,००० च्या वर पगार असेल तर तो दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००, असे वर्षाला २,५०० होतात. महिलांना महिन्याला २५,००० पर्यंत माफी आहे. घटनेच्या कलम २७६ ने या कराला वर्षाला २,५०० ची मर्यादा घातली आहे. वीस लाखांच्या पगारावर तो ०.१२५ टक्के होतो, तेव्हा त्यावर भांडण्यात फारसा अर्थ नाही.

पगारवाढ झाली आणि हातात येणारे पैसे कमी झाले, असं होऊ शकतं का?

‘पुढच्या स्लॅबमध्ये गेलो म्हणून तोटा झाला’ असं म्हणणाऱ्याला लोक हसतात आणि एरवी ते बरोबरच असतं. पण सध्याच्या रचनेत एक पट्टा असा आहे जिथे हे अक्षरशः खरं आहे.

करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७ए खाली ६०,००० पर्यंतची सवलत मिळते आणि कर शून्य होतो. पगारदारासाठी ही रेषा १२.७५ लाखांवर येते. रेषा ओलांडल्याबरोबर ६०,००० चा कर अंगावर पडू नये म्हणून ‘मार्जिनल रिलीफ’ आहे: १२ लाखांच्या वर जितके रुपये, त्याहून जास्त कर नाही. ऐकायला न्याय्य वाटतं. पण त्या कराच्या वर ४ टक्के उपकर बसतो आणि त्याला ही सूट नाही.

आता हिशेब पाहा. पगार १२.७५ लाखांवरून १३.२५ लाख झाला. करपात्र उत्पन्न १२.५० लाख, स्लॅबप्रमाणे कर ६७,५००. रिलीफमुळे तो ५०,००० वर आला आणि उपकर धरून ५२,००० झाला. वाढ पन्नास हजारांची, कर बावन्न हजारांचा. दोन हजार रुपये खिशातून गेले.

करपात्र उत्पन्न सुमारे १२,७०,५८८ होईपर्यंत प्रत्येक जादा रुपयावर १०४ पैसे कर बसतो. पगार साधारण १३.४९ लाखांवर गेल्यावरच हातातली रक्कम पुन्हा १२.७५ लाखांच्या पातळीला येते. प्रत्यक्ष दर इथे जेमतेम ५.५ टक्क्यांपर्यंतच असतो, म्हणून सरासरीच्या तक्त्यात हा खड्डा दिसतच नाही. सीमांत दर, म्हणजे शेवटच्या रुपयावरचा दर, तेरा लाखवाला बहुतेक कोट्यधीशांपेक्षाही चढा भरतो. ही रचना आमच्या मते सरळ सदोष आहे. सवलत एका रेषेवर तोडण्याऐवजी हळूहळू उतरती ठेवता आली असती.

ब्रिटनमधल्या मराठी मंडळींना हा प्रकार ओळखीचा वाटेल. तिथे १,००,००० ते १,२५,१४० पौंडांच्या पट्ट्यात करमुक्त मर्यादा काढून घेतली जाते आणि प्राप्तिकराचा सीमांत दर ६० टक्क्यांवर जातो.

त्या पट्ट्यात अडकलो असेन तर काय करायचं?

नव्या प्रणालीत ८०सी (पीएफ, विमा वगैरे गुंतवणुकीची वजावट), राहत्या घराचं गृहकर्ज, घरभाडं यांतलं काहीच चालत नाही. पगारदाराच्या हातात उरते ती एक मोठी वजावट: कंपनीने तुमच्या एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) खात्यात भरलेली रक्कम, मूळ वेतनाच्या (महागाई भत्ता असेल तर तो धरून) १४ टक्क्यांपर्यंत. वरच्या उदाहरणात वाढीचे ५०,००० कंपनीने एनपीएसमध्ये वळवले तर करपात्र उत्पन्न पुन्हा १२ लाखांवर येतं आणि ५२,००० चा कर उडतो. दोन गोष्टी लक्षात ठेवा. रक्कम कंपनीमार्फतच गेली पाहिजे, स्वतः भरलेली इथे चालत नाही. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच एचआरकडून पगाराची रचना बदलून घ्या, मार्चमध्ये सहसा उशीर झालेला असतो. आणि तो पैसा बराच काळ अडकतो.

बारा लाखांच्या आत असूनही मला कर का आला?

बहुधा शेअर किंवा म्युच्युअल फंड विकले असतील. ज्या उत्पन्नाला खास दर आहेत त्यावरच्या कराला ८७ए ची सवलत मिळत नाही. समजा, वजावटीनंतरचा पगार १० लाख आणि वर्षाच्या आत विकलेल्या शेअरचा नफा १ लाख. पगारावरचा ४०,००० कर सवलतीत जातो. नफ्यावरचे २० टक्के, म्हणजे २०,००० आणि ८०० उपकर, भरावेच लागतात. वर्षभरानंतर विकलेल्या शेअरवर १२.५ टक्के दर आहे आणि वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा मोकळा आहे.

जुनी प्रणाली की नवी?

किती वजावटी हव्यात ते आधी पाहा. प्रमाणित वजावट सोडून बाकी वजावटी १५ लाख पगाराला सुमारे ५.४४ लाखांच्या वर गेल्या, २० लाखांना सुमारे ७.०८ लाखांच्या वर आणि २४.७५ लाखांच्या पुढे (अधिभाराच्या रेषेपर्यंत) ८ लाखांच्या वर गेल्या, तरच जुनी परवडते. ८०सी चे दीड लाख, एनपीएसचे ५०,०००, आरोग्य विम्याचे २५,००० आणि गृहकर्जाच्या व्याजाचे २ लाख सगळे पुरेपूर घेतले तरी बेरीज ४.२५ लाखच होते. उरलेला खड्डा भरून निघतो तो घरभाडे भत्त्याने. म्हणजे मुंबईत भाड्याने राहायचं आणि दुसऱ्या घराचं कर्ज फेडायचं, असा जोडीचा प्रकार असणाऱ्यांनाच जुनी प्रणाली साधारणतः फायद्याची पडते. पुण्यात या वर्षासाठी भत्त्याची मर्यादा मूळ वेतनाच्या ४० टक्के होती, मुंबईत ५०.

पगारदाराला दरवर्षी प्रणाली बदलता येते, कंपनीला आधी काहीही सांगितलेलं असलं तरी. पण जुनी हवी असेल तर रिटर्न मुदतीतच गेलं पाहिजे. उशिरा भरलं की नवीच लागू होते आणि सगळ्या पावत्या कागद म्हणून उरतात. धंदा-व्यवसायाचं उत्पन्न असणाऱ्यांना फॉर्म १०-आयईए भरावा लागतो आणि त्यांना नव्यात परतण्याची संधी एकदाच आहे.

दर वाढलेलेच नाहीत, मग कर वाढला असं का म्हणतात?

दोन्ही बाजू थोड्या बरोबर आहेत. १९७३-७४ मध्ये वरचा दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. १९९७-९८ पासून तो ३० टक्के आहे आणि तिथून हललेला नाही. पण भोवतीच्या गोष्टी हलल्या. उपकर २००४ मध्ये २ टक्के, २००७ मध्ये ३ आणि २०१८ मध्ये ४ झाला. अधिभार २०१३ मध्ये कोटीच्या वर परत आला, २०१७ मध्ये ५० लाखांवर उतरला आणि २०१९ मध्ये २ कोटींच्या वर २५ आणि ५ कोटींच्या वर ३७ टक्के झाला. जुन्या प्रणालीत त्यामुळे कमाल दर ४२.७४४ टक्के होतो. नवीत अधिभार २५ टक्क्यांवर थांबतो आणि दर ३९.

सर्वसामान्य पगारदाराचा कर मात्र वेगळ्याच वाटेने वाढला. भारतात स्लॅब महागाईला बांधलेले नाहीत. जुन्या प्रणालीत ६ लाख करपात्र उत्पन्नावर ३३,८०० रुपये, म्हणजे ५.६ टक्के कर बसतो. दहा-बारा वर्षांत भाव दुप्पट झाले आणि पगारही दुप्पट होऊन १२ लाखांवर गेला, तर बाजारातली ऐपत होती तिथेच राहते. पण कर १,७९,४०० होतो, म्हणजे १४.९५ टक्के. संसदेत एकही दर न वाढवता वाटा अडीच पटीहून जास्त झाला. जुन्या प्रणालीतली २.५ लाखांची करमुक्त मर्यादा, ८०सी चे दीड लाख आणि गृहकर्जाच्या व्याजाचे दोन लाख हे तिन्ही आकडे २०१४-१५ चे आहेत.

याला उत्तर म्हणून फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पाकडे बोट दाखवलं जातं आणि ते रास्त आहे. नव्या प्रणालीत त्याच १२ लाखांवर आता शून्य कर आहे. म्हणून ‘कर वाढला’ म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न विचारायचा: कुठल्या प्रणालीत, कुठल्या वर्षापासून? आणि ‘कर कमी झाला’ म्हणणाऱ्याला: हे टप्पे पुन्हा किती वर्षं गोठवून ठेवणार?

कंपन्यांना २२ टक्के आणि आम्हाला ३०, हा कुठला न्याय?

सप्टेंबर २०१९ मध्ये सवलती सोडणाऱ्या कंपन्यांचा दर २२ टक्के झाला, अधिभार-उपकरासह २५.१७. आणि २०२३-२४ मध्ये वैयक्तिक प्राप्तिकराची निव्वळ वसुली (रोखे व्यवहार कर धरून) १०.४४ लाख कोटी होती, कंपनी कराची ९.११ लाख कोटी. तक्रारीला आधार आहे.

पण दोन दर शेजारी ठेवून तुलना होत नाही. कंपनीने शंभर रुपये कमावले, २५.१७ कर भरला, उरलेले ७४.८३ लाभांश म्हणून वाटले. १ एप्रिल २०२० पासून लाभांशावर भागधारकाच्या स्लॅबने कर लागतो. वरच्या स्लॅबमधला भागधारक त्यावर ३१.२ टक्के भरतो, म्हणजे आणखी २३.३५. शंभरातले ४८.५२ गेले. खरा फायदा नफा न वाटता कंपनीतच ठेवणाऱ्या मालकाचा आहे. रोख धरायचा असेल तर तिथे धरा.

तेवढीच कमाई असलेला सल्लागार काहीच कर भरत नाही, असं कसं?

कलम ४४एडीए मुळे. डॉक्टर, वकील, वास्तुविशारद, अभियंता, तांत्रिक सल्लागार अशा ठरावीक व्यवसायांना जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. वार्षिक जमा ५० लाखांपर्यंत, रोखीचा भाग ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत. २४ लाख जमा असणाऱ्याचं उत्पन्न १२ लाख धरलं जातं आणि कर शून्य. २४ लाख पगारवाला २,९२,५०० भरतो, १२.१९ टक्के.

तफावत खरी आहे. मात्र सल्लागाराला कार्यालय, उपकरणं, विमा हे सगळं त्याच निम्म्यातून भागवायचं असतं, पीएफ नसतो आणि सेवांची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. प्रत्यक्ष खर्च दहा टक्केच असेल तर मात्र तो निःसंशय फायद्यात आहे. नोकरी तीच ठेवून कागदावर सल्लागार होण्याचा सल्ला कुणी दिला तर सावध राहा. एकाच कंपनीत, तिच्याच वेळा आणि हुकमाप्रमाणे काम होत असेल तर विभाग तो पगारच ठरवू शकतो.

शेतकऱ्यांना कर नाही, ते पूर्ण खरं आहे का?

शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, पण दर ठरवताना ते मोजलं जातं. शेतीचं उत्पन्न ५,००० च्या वर आणि बाकीचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर दोन्हींची बेरीज करून कर काढतात, मग शेतीचं उत्पन्न अधिक करमुक्त मर्यादा एवढ्या रकमेवरचा कर वजा करतात. पुण्यात नोकरी, करपात्र उत्पन्न १५ लाख आणि गावाकडे ऊस-द्राक्षांचे ५ लाख असतील तर: २० लाखांवरचा कर २,००,०००, वजा ९ लाखांवरचा ३०,०००, राहिले १,७०,०००. उपकरासह १,७६,८००. शेती नसती तर १,०९,२०० भरावे लागले असते. ‘शेतीचं दाखवायची गरज नाही’ हा सल्ला म्हणूनच महागात पडतो. दूध आणि कुक्कुटपालन शेतीत येत नाही, रोपवाटिका येते.

गोव्यात नवरा-बायकोचं उत्पन्न अर्धं-अर्धं धरतात म्हणे?

होय, तिथल्या नागरी संहितेखाली सामाईक मालमत्तेची पद्धत लागू असणाऱ्या जोडप्यांना. कलम ५ए नुसार पगार सोडून बाकीचं उत्पन्न, म्हणजे भाडं, व्याज, धंदा, भांडवली नफा, दोघांत समान वाटलं जातं. पगार ज्याचा त्याचाच राहतो. एकाच्या नावावर २४ लाखांचा धंदा असेल तर दोघांना १२-१२ लाख येतात. महाराष्ट्रातल्या दुकानदाराला २४ लाख नफ्यावर उपकरासह ३,१२,००० भरावे लागतात, गोव्यातल्या या जोडप्याला, दुसरं उत्पन्न नसेल तर, शून्य. रिटर्नमध्ये अनुसूची ५ए भरावी लागते. टीडीएस एकाच्याच पॅनवर कापला गेला की निम्मा दुसऱ्याकडे वळवण्याची नोंदही तिथेच करायची, नाहीतर दोघांनाही नोटीस येते.

जीएसटी धरला तर आपण निम्मा पगार करात देतो, हे खरं का?

टक्क्यांना टक्के जोडले की असंच होतं. ३० अधिक १८ म्हणजे ४८ हा हिशेब दोन ठिकाणी चुकतो. एक, ३० हा प्रत्यक्ष दरच नाही. दोन, १८ टक्के जीएसटी मूळ किमतीवर असतो. ११८ च्या बिलात १८ कर, म्हणजे मोजलेल्या पैशाच्या १५.२५ टक्के. शिवाय राहत्या घराचं भाडं, भाजी, सुटं धान्य, दूध आणि सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य व आयुर्विमा यांवर जीएसटी नाही.

वीस लाखवाल्याच्या हाती करानंतर साधारण १८ लाख राहतात. त्यातले ६ लाख १८ टक्क्यांच्या वस्तू-सेवांवर आणि २ लाख ५ टक्क्यांच्या वस्तूंवर गेले असं धरा. जीएसटी झाला सुमारे ९१,५०० आणि ९,५००, मिळून पगाराच्या ५ टक्क्यांच्या आसपास. पेट्रोल-डिझेलवरचे कर त्यात नाहीत, ते वेगळे मिळवा. एकूण भार १५ ते २० टक्क्यांत बसेल, निम्मा नाही. उलट वर्षाला चार लाख मिळवून सगळे खर्चून टाकणाऱ्याचा प्राप्तिकर शून्य असूनही अप्रत्यक्ष कराचा वाटा त्याच्या कमाईच्या मानाने मोठा असू शकतो. ‘कर फक्त मूठभर लोक भरतात’ हे वाक्य म्हणून अर्धवट आहे. प्राप्तिकर मूठभर भरतात. कर सगळेच भरतात.

मुंबईतून एवढा कर जातो, परत किती येतो?

वसुलीच्या आकड्यांत करदात्याचा नोंदणीकृत पत्ता दिसतो. कंपनीचं मुख्यालय नरिमन पॉइंटला असलं की ओडिशातल्या कारखान्याच्या नफ्यावरचा कर मुंबईत मोजला जातो. मुंबईकराने एकट्याने एवढा भरला, असा त्याचा अर्थ काढता येत नाही. वाटपाच्या बाजूला, पंधराव्या वित्त आयोगाने विभाज्य निधीतले (राज्यांशी वाटून घ्यायच्या केंद्रीय करांतले) ४१ टक्के राज्यांना दिले आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के होता. उपकर आणि अधिभार या निधीत येतच नाहीत, ते पूर्ण केंद्राकडे राहतात. दर तोच ठेवून उपकर-अधिभार वाढवले की राज्यांच्या वाट्याला काही येत नाही. महाराष्ट्राने भांडायचं तर या मुद्द्यावर भांडावं, तो अधिक भक्कम आहे.

वर्षभर टीडीएस कापला, तरी जुलैत पुन्हा कर का भरावा लागतो?

तीन नेहमीची कारणं. मुदत ठेवीच्या व्याजावर बँक १० टक्के कापते, तेही व्याज वर्षाला ५०,००० च्या वर (ज्येष्ठांना १ लाख) गेलं तरच. तुमचा स्लॅब ३० चा असेल तर उरलेले २० तुम्ही भरायचे. दुसरं, वर्षात नोकरी बदलली आणि दोन्ही कंपन्यांनी ७५,००० ची वजावट आणि खालचे स्लॅब आपापल्या हिशेबात धरले. नव्या ठिकाणी रुजू होतानाच फॉर्म १२बी देऊन आधीचा पगार कळवला की हे टळतं. तिसरं, शेअरचा नफा, ज्यावर निवासी व्यक्तीचा टीडीएस कापला जात नाही.

टीडीएस वजा जाता १०,००० किंवा त्याहून जास्त कर निघणार असेल तर आगाऊ कर भरायचा: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत सगळा. ४४एडीए वाल्यांना एकदम १५ मार्चला भरला तरी चालतो. चुकला तर कलम २३४बी आणि २३४सी खाली महिन्याला १ टक्का साधं व्याज लागतं. व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या साठ वर्षांवरील निवासी ज्येष्ठांना आगाऊ कर लागू नाही, त्यांनी रिटर्नपूर्वी स्वयंनिर्धारण कर, म्हणजे स्वतः हिशेब करून उरलेला कर, भरला की पुरे.